दुकांपाकोळी

१२ सप्टेंबर १९५९

काल सायंकाळी खारवाडीस सुखरूप येऊन पोहोचलो. कोल्हापूर सोडताना छापखान्यातील मंडळींनी हार घातला आणि सन्मानपत्र दिले. सन्मानपत्रात ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका होत्या. त्या मी तेथल्या तेथे लाल पेन्सिलीने दुरुस्त केल्या आणि सर्वांचा प्रेमाने निरोप घेतला. मुद्रितशोधक म्हणून आयुष्यभर इतरांच्या मजकुरातील चुका काढल्या. यापुढे केवळ स्वतःचा मजकूर लिहायचा, या संकल्पाने ही रोजनिशी आरंभीत आहे.

घाट उतरून गाडी फोंड्याच्या बाजारात चहासाठी थांबली, तेव्हाच हवा अंगाला चिकटू लागली होती. आचऱ्याच्या तिठ्यावर सत्यवान घ्यायला आला होता. बांधांच्या खात्यात ओव्हरसियर असलेला हा माझा एकुलता मुलगा गुडघ्यापर्यंत गमबूट घालून, चिखलाने माखून उभा होता. त्याने माझी ट्रंक सरळ स्वतःच्या डोक्यावर घेतली. सरकारी नोकराने हमालासारखे चालू नये, असे मी त्याला बजावले. तो हसला आणि शीळ घालीत पुढे निघाला.

वाडीतील लोकांच्या बोलण्याविषयी मी धास्ती घेऊन आलो होतो. ती व्यर्थ ठरली. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने हात जोडून शुद्ध भाषेत क्षेमकुशल विचारले. शेजारच्या ख्रिस्ती बाईने तर कुंपणापाशी ताठ उभे राहून, 'नमस्कार, आपला प्रवास सुखाचा झाला ना?' असे निर्दोष वाक्य उच्चारले आणि लगेच तोंडावर हात ठेवून ती घरात पळाली. विनय म्हणावा तो हाच.

घर भिकाजी नावाच्या गृहस्थांचे. पुढील दार रस्त्याकडे. मागील पडवी मात्र थेट पाणथळीवर उघडते. झाड एकही नाही. दूरवर नुसता लव्हाळा, मधूनमधून आभाळ दाखवणारे पाणी, आणि खाडीला अडवणारा मातीचा बांध. सूनबाई सुगंधा तोंडवलीची; मितभाषी आणि कामाला चपळ. सत्यवानाला भांड्याच्या तळाची करपलेली खरवड आवडते, म्हणून ती रोज त्याच्यासाठी वेगळी काढून ठेवते. लहानपणी हीच खरवड चोरताना तो माझ्या हाती सापडला होता. आज तो उजळ माथ्याने खातो. मला फार बरे वाटले.

१६ सप्टेंबर

सकाळी पाणथळीत म्हशी उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांभोवती राखेचे कण चिकटलेले दिसले. माश्या असाव्यात असे वाटून छापखान्यातले भिंग घेऊन जवळ गेलो. माश्या नव्हेत. तांदळाच्या दाण्याएवढा पतंग. पंख राखी-पांढरे, कडेला तपकिरी रेघ, मिटले की कौलारू छपरासारखे दिसणारे. प्रत्येकाने आपली केसासारखी सोंड म्हशीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात बुडवली होती. पाणी पीत होते. आश्चर्य असे की, म्हैस डोळे मिटत नव्हती. कोणी कुरवाळावे तशी स्थिर उभी होती.

भिकाजींनी सांगितले की, ही दुकांपाकोळी. दुकां म्हणजे आसवे. ती या उघड्या पाणथळीखेरीज कोठे राहत नाही आणि दिव्यावर कधी येत नाही. दिव्यावर न येणारा पतंग मी प्रथमच पाहिला.

२२ सप्टेंबर

वाडीची शुद्ध भाषा चार दिवसांत ओसरली. आता सर्वत्र 'खंय' आणि 'माका' चालू आहे. शेजारची बाई, जेसिंता, ही तर सर्वांवर कडी आहे. नवरा बोटीवर असताना वारला. तेव्हापासून ती, तिच्या कोंबड्या आणि तिची जीभ, एवढेच त्या घरात नांदतात. आज सत्यवान कामाला निघताच ती कुंपणावरून ओरडली, 'रे ओवरशेरा, ते बूट आसत काय होडी? माका तरी घेऊन जा मालवणाक!' सत्यवानाने तिला तिच्याच भाषेत उत्तर दिले की, होडीत आधी कोंबड्या बसतील, मग बायका. दोघे पोट धरून हसत राहिली. मी सत्यवानाला म्हटले की, अशा सलगीने अधिकाऱ्याचा मान राहत नाही. तो डाव्या हाताने काही टिपणे लिहीत होता. (तो हात सुधारण्यासाठी मी केलेले सर्व प्रयत्न वाया गेले.) लिहिता लिहिताच तो म्हणाला की, मान राहतो, आप्पा, माणसे राहत नाहीत.

३० सप्टेंबर

नवा बांध दिवाळीपर्यंत पुरा होईल, असे सत्यवान म्हणतो. मग खारे पाणी बाहेर राहील आणि पाणथळीत भात पिकेल. मी विचारले की, मग या पाकोळ्यांचे काय? वाडीतील म्हाताऱ्यांनीही त्याला हेच विचारले होते, म्हणाला.

७ ऑक्टोबर

नोंद करणे कर्तव्य आहे, म्हणून करतो.

सत्यवान गेला. अमावास्येच्या उधाणात बांध फुटू लागला, तेव्हा तिसऱ्या प्रहरी तो धावत गेला. गड्यांना त्याने मागे हटवले. स्वतः हटला नाही. ओहोटीला लव्हाळ्यात सापडला. एक बूट पायात होता.

मी रडलो नाही. मला राग आला. समुद्राचा आला, चंद्राचा आला, मातीचा आला. भेटायला आलेला एकजण म्हणाला की, देवाची इच्छा. मी त्याला दार दाखवले. दुसऱ्याने सांगितले की, सुटला बिचारा. कशातून सुटला? एकोणतीस वर्षांचा, निरोगी, शीळ घालणारा माणूस कशातून सुटतो? शब्दांचा अर्थ ठाऊक नसेल तर तोंड उघडू नये, एवढे या लोकांना कोणी शिकवले नाही काय?

११ ऑक्टोबर

सुगंधा जेवत नाही, झोपत नाही, केवळ रडते. आज दिवस कलताना जेसिंता आली आणि तिला हाताला धरून बांधाकडे घेऊन गेली. मोकळ्या हवेत नेत असेल, असे मला वाटले. पडवीतून पाहिले. सुगंधा बांधावर बसली, आभाळाकडे तोंड केले, आणि लव्हाळ्यातून राख उठावी तशा पाकोळ्या उठल्या. तिचा चेहरा दिसेनासा झाला.

मी पायांत वहाणा न घालताच निघालो. भिकाजींनी वाटेत अडवले. ही येथील रीत आहे, म्हणाले. घरात माणूस गेले की घरच्या बाईने तेराव्यापर्यंत बांधावर बसून पाकोळ्यांना दुकां पाजायची. दुःख हलके होते. बरोबर एक परक्या घरची बाई लागते. तिला 'सुकी' म्हणतात. तिला सुतक असता कामा नये, म्हणून हिंदूंच्या घरी जेसिंता जाते आणि ख्रिस्त्यांच्या घरी भिकाजींची बायको.

मी म्हणालो की, माझ्या मुलाचे दुःख हे किड्यांचे खाद्य नव्हे. माझा आवाज बराच चढला असावा. परंतु सुगंधा परत आली आणि तिने पेज घेतली, म्हणून आजच्यापुरता मी विषय सोडला.

१४ ऑक्टोबर

आज मी त्यांच्या मागोमाग गेलो आणि जे ऐकले ते लिहिताना पेन्सिलीचे टोक दोनदा मोडले. रागाने, अन्य कशाने नव्हे.

सुगंधा हुंदके देत होती. तिच्या डोळ्यांवर ते किडे बसले होते. आणि ती जेसिंता, जिला दुःखात साथ द्यायला नेले, ती मांडीवर थाप मारून हसत होती! माझ्या मुलाच्या बुटांची थट्टा करीत होती. त्याच्या चालण्याची नक्कल करीत होती. शेवटी म्हणाली, तिच्याच शब्दांत लिहितो: 'नाव सत्यवान ठेवल्यानी आनी बायल केल्यान सुगंधा! सावित्री केल्यान असती, तर यमाकडसून परत तरी इलो असतो मेलो!'

ते नाव मी ठेवले आहे. त्याच्या दिवंगत आईला दुसरे हवे होते. मी हट्टाने हेच ठेवले. त्या नावावर, तेरावाही झालेला नसताना, ही बाई विनोद करते!

मी तिला त्या जागी इतके बोललो की, लव्हाळ्यातले बगळे उडाले. निर्लज्ज म्हणालो, प्रेतावरचे गिधाड म्हणालो. पुन्हा माझ्या उंबऱ्याला पाय लावू नकोस, असेही म्हणालो. उठताना ती इतकेच म्हणाली की, 'मास्तरानू, मी तुमच्या झिलाक हसतंय नाय, तुमच्या झिलासाठी हसतंय. माका शिव्या घाला, पण तिका एकटी पाठवू नकात.' मी मास्तर नाही. हे तिला कितीदा सांगावे?

२१ ऑक्टोबर

तेरावा झाला. सुगंधा अजूनही बांधावर जाते, एकटी. मी मना केले. ती मान डोलावते आणि दिवस कलला की निघते. दाराला आतून अडसर घातला, तर पडवीतून उतरून जाते. आज परत येताना ती गुणगुणत होती.

जेवताना लक्षात आले की, तिने भाताचे भांडे घासायला टाकले होते. खरवडीसह. गेल्या आठवड्यापर्यंत ती त्याच्या नावाने काढून ठेवीत असे आणि मग गुपचूप कावळ्यांना घालीत असे. मी विचारले की, खरवड कोठे? ती म्हणाली, 'करपलेला कोण खाता, मामंजी?' तिच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. काहीच नव्हते. स्वच्छ धुतलेले डोळे.

२६ ऑक्टोबर

कोपऱ्यातला एकटा बूट उचलून सुगंधाने मला विचारले की, हा कोणाचा?

मी ओरडलो. ती घाबरली, परक्या माणसाला घाबरावे तशी.

भिकाजींकडे गेलो. त्यांनी आधी मलाच दोष दिला. सुकीला हाकलून लावणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मग सर्व सांगितले. पाकोळी नुसते पाणी पीत नाही. ज्याच्यासाठी ते पाणी आले, तोही त्यात थोडा थोडा जातो. म्हणून सुकी शेजारी बसून गेलेल्या माणसाच्या गोष्टी बोलत राहते, बोलते आणि ऐकते, आणि तेराव्यानंतर चुलीपाशी बसून सर्व काही त्या घराला परत सांगते. दुःख पाकोळ्यांना, माणूस घराला. परंतु या सर्व काळात सुकीचे डोळे कोरडे राहिले पाहिजेत. गेलेल्या माणसाविषयी बोलायचे आणि रडायचे नाही, यासाठी हसण्यावाचून दुसरा उपाय कोणाला ठाऊक आहे काय, असे त्यांनी मला विचारले.

मी म्हणालो की, ही अडाण्यांची भ्रामक कल्पना आहे. वाक्य अचूक होते. घरी येईपर्यंत मला त्याचा आधार वाटला नाही.

जेसिंताकडे जावे, असे भिकाजी म्हणतात. ते मला शक्य नाही.

१ नोव्हेंबर

दिवाळी. आमच्याकडे दिवे नाहीत, असायला नकोत. तरीही सुगंधाने पडवीत पणत्या लावल्या आणि कपाळभर कुंकू लावून ती माझ्यापुढे आली. वाडीतल्या बायका कुंपणापलीकडून पाहत होत्या. एकीने तोंडाला पदर लावला. मी विचारले की, हे काय? तिने सांगितले की, सणाचे लावले. कपाळ बरे दिसत नव्हते. लग्न न झालेली मुलगी सांगेल तसे.

मी सत्यवानाचे छायाचित्र तिच्यासमोर धरले. तिने नीट पाहिले. 'तुमचो कोण?' म्हणाली. आणि मग, सौजन्य म्हणून, 'बरो दिसता.'

दुपारी तिचे वडील तोंडवलीहून आले आणि तिला घेऊन गेले. मी त्यांना सर्व सांगितले, भांडलो, ओरडलो. ते गृहस्थ रडवेल्या तोंडाने हसले. 'चेडू हसता, याही. माका आनी काय व्हया?' सुगंधा वाकून मला नमस्कार करून निघाली. उतरलेल्या पाहुण्याने यजमानाला करावा तसा. तिच्या बापाला त्याची मुलगी मिळाली. माझ्या मुलाला त्याच्या बायकोनेच जगातून खोडून टाकले, आणि हे लोक त्याला सुख म्हणतात!

आता त्याला ओळखणारा या घरात मी एकटा आहे. हे लिहिल्यावर प्रथमच भीती वाटली.

७ नोव्हेंबर

त्या आता घरात येतात.

दिव्यावर नव्हे. दिव्याकडे त्यांचे लक्षही नसते. भिंतीवर, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, ओळीने बसतात आणि थांबतात. आरशावर बसल्या होत्या. सकाळी चष्म्याच्या काचेवर एक होती, आतल्या बाजूने.

उपाय एकच. डोळे कोरडे ठेवणे. आणि मला डोळे कोरडे ठेवण्याचा एकच मार्ग येतो: राग. पोस्टमनशी टपाल उशिरा आणल्याबद्दल भांडलो. दूधवाल्याशी भांडलो. मुंबईचे वृत्तपत्र मागवतो. त्यात छपाईच्या चुका विपुल असतात. पहिल्या पानावरच 'निधन' या शब्दाची वेलांटी चुकली होती. केवढा संताप आला! सबंध दिवस पुरला. सत्यवानाचा विचार येऊ लागला की मी ते पान वाचतो.

१४ नोव्हेंबर

स्वयंपाक करताना ओली झावळी पेटेना. धूर झाला, डोळ्यांना पाणी आले. ते शोकाचे नव्हते. धुराचे होते. भिंतीवरून त्या एकदम उठल्या—मी तोंडावर पंचा गुंडाळून बाहेर पळालो. कांदा चिरणे बंद केले आहे. चूल बंद. पोहे भिजवून खातो.

पण वार्धक्याने डोळे आपोआप पाझरतात, त्याचे काय करावे? वारा लागला तरी पाझरतात. झोपेत पाझरतात. सकाळी उशीवर राखी भुकटी होती—पंखांवरची.

एक गोष्ट आठवत नाही. सत्यवान लिहीत असे. कोणत्या हाताने? यावर आमचे वाद होत असत, एवढे निश्चित आठवते. मी त्याला काय सांगत होतो?

वृत्तपत्र वाचले. दोन चुका सापडल्या. पूर्वीइतका राग आला नाही.

२१ नोव्हेंबर

उशीवर पुन्हा भुकटी.

त्याच्या आवाजाची पट्टी गेली. शब्द आहेत—मान राहतो, आप्पा, माणसे राहत नाहीत—पण ते माझ्याच आवाजात ऐकू येतात.

मी हट्टी आहे, मूर्ख नाही. उद्या जेसिंताकडे जाईन. तिच्याकडे जे असेल ते माझे आहे, मागून घेईन. रागानेच मागेन. राग सोडता येणार नाही—

२२ नोव्हेंबर

गेलो. दारात उभा राहून म्हणालो की, माझ्या मुलाविषयी जे काही तुझ्याकडे शिल्लक असेल, ते परत कर. सावकाराच्या सुरात म्हणालो. ती कोंबड्यांना दाणे टाकीत होती. 'आता सुचला, मास्तरानू? बसा. शिवी आधी घालतास काय मागसून?' म्हणाली.

मग तिने सांगितले. बूट, होडी, खरवड मागायला तिच्या दारी येणे, डाव्या हाताने—हो, डाव्या!—तिच्या कोंबडीचे चित्र काढणे. मी ताठ बसून ऐकले. राग टिकवला. आणि मग ती त्या पहिल्या दिवसाविषयी बोलली.

मी येण्याच्या आधी आठवडाभर सत्यवान घरोघर फिरला होता. माझे आप्पा येत आहेत, चार दिवस तरी कोणी 'इलंय-गेलंय' म्हणू नका, अशी हात जोडून विनवणी करीत. जेसिंताला त्याने ते वाक्य पाठ करून घेतले होते. ती कोंबड्यांसमोर तालीम करायची—'नमस्कार, आपला प्रवास सुखाचा झाला ना?'—आणि तो कोंबडा होऊन उत्तर द्यायचा. तिने तो कोंबडा करून दाखवला. मान वाकडी, गमबुटांची चाल, आणि माझा आवाज! हुबेहूब मी; चुका काढणारा कोंबडा!

मी हसलो. कित्येक वर्षांत हसलो नव्हतो तसा. आणि हसत असतानाच ती म्हणाली की, तिने एकदा त्याला विचारले होते, एवढा खडूस बाप कशाला आणतोस? त्यावर सत्यवान म्हणाला होता, 'तुका कळाचा नाय. जेच्यार जीव आसता, तेच्योच चुको काढतत ते.'

ती लगेच उठली. मास्तरानू, डोळे पुसा, म्हणाली; वरच्या रस्त्याने जा, मी सोबत येते, बांधावरून जाऊ नका. मी तिला सांगितले की, माझ्या डोळ्यांत काही नाही. सोबतीची आवश्यकता नाही. कुंपणाला फाटक नाही आणि वरच्या रस्त्याने मोठा वळसा पडतो—आणि तिच्यासमोर पुसायला हात उचलला असता, तर ते कबूल केल्यासारखे झाले असते.

बांधावरून आलो. दिवस कलला होता. त्याला जेथे शोधले तेथे लव्हाळा हलत होता. वारा नव्हता.

दुखत नाही. हेच भयंकर आहे. दुखत नाही. कोणी कुरवाळावे तसे—

२३ नोव्हेंबर

जेसिंताने काल काहीतरी सांगितले. कोंबड्याविषयी. हसलो होतो. कशाला ते

राग आणतो. वृत्तपत्र. चूक आहे—येथे—दिसते. असेना.

तो उंच होता काय?

२५ नोव्हेंबर

छायाचित्रातील मुलगा बरा दिसतो.

नाही. नाही. मुलगा आहे. माझा. लिहून ठेवतो. माझा आहे. बांधावर—पाणी—एक बूट

त्या हातावर बसल्या आहेत. लिहू देतात. पाहत आहेत.

२९ नोव्हेंबर

आकाश निरभ्र. मन प्रसन्न आहे. राग असा कशाचाच नाही.

कोपऱ्यात एक गमबूट आहे, एकच. दुसऱ्याचा शोध घेतला पाहिजे. मागील पानांवर कोणा तरुणाविषयी पुष्कळ लिहिले आहे. हस्ताक्षर माझे आहे. चूक एकही नाही. तो माझा कोण, ते वाचूनही ध्यानात राहत नाही. ओळ संपली की जातो.

शेजारची बाई सकाळपासून दारात बसली आहे. बोलते आणि हसते. कोंबड्यासारखी मान वाकडी करून काही दाखवते. मी सौजन्याने ऐकतो. तिला वाटते की, मलाही हसू यावे. आता ती हसता हसता थांबली आहे. तोंड फिरवले आहे. खांदे हलत आहेत—तिने असे करता कामा नये. का, ते आठवत नाही. कोणीतरी सांगितले होते. तिने असे मुळीच—

भिंतीवरच्या साऱ्या उठल्या.

ती दोन्ही हात तोंडासमोर हलवते आहे आणि ओरडते आहे की, लिवा, मास्तरानू, बेगीन लिवा, माझ्याकडे आसा तोवर लिवा, तुमच्या झिलाचा नाव—

लिहितो. ती सांगते तसे लिहितो. माझ्या मुलाचे नाव स